शुक्रवारचं कुलूप

१

कुलूप तिचंच होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. पितळी, जड, खालच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा ठिपका पडलेलं. दाराला रंग दिला तेव्हा तो ठिपका उडाला होता आणि खरवडायचा राहून गेला होता. दारही तिचं, खिडकीचे गजही तिचे. आणि गज दोन्ही हातांनी धरून, तोंड वासून रडणारी पोरगीही तिचीच.

मेघालीने चारही फोटो टेबलावर पालथे घातले.

"पालथे घालून कसं चालेल?" रूपा मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते पुन्हा सुलटे केले, एकाखाली एक नीट मांडले. रूपा मॅडम तिच्या वकील. मूळच्या शहापूरकडच्या, ऑफिस कोर्टाच्या समोरच्या गल्लीत. आवाज कधी चढवत नसत आणि उगाच धीरही देत नसत. "हे व्हिडिओमधून काढलेले फोटो आहेत. व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये कोर्टात दिलाय, आपली प्रत दोन दिवसांत मिळेल. तुमच्या नवऱ्याने, भूपेशने शपथेवर लिहिलंय ते ऐका. शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर. सकाळी दहा ते दुपारी चार आईने मुलीला एकटीला घरात कोंडून ठेवलं. हे चित्रण एका हितचिंतकाने त्याच दिवशी पाठवलं. म्हणून मुलीचा ताबा ताबडतोब वडिलांकडे द्यावा."

"शुक्रवारी मी कल्याणला होते. नोकरीच्या मुलाखतीला."

"तेच तर. तुम्हीच त्याला मेसेज केलाय, आज कल्याणला आहे, चारला येईन, मग मैनाशी बोलणं करून देते. तो मेसेज त्याने फोटोंच्या शेजारी जोडलाय."

"पण मैना आक्कांकडे होती. शेजारच्या आक्का. सकाळी साडेनऊपासून!"

"मग ती खिडकीत कशी आली?"

मेघालीने फोटोतल्या कुलपाकडे पुन्हा पाहिलं.

रूपा मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा, मैना जानेवारीत पाच पूर्ण करते. पाचच्या आतलं मूल शक्यतो आईपाशी, हा आतापर्यंतचा आपला आधार. तो पातळ होत चाललाय, आणि समोरच्यांनी वेळ बरोबर साधलीय. सोमवारी तारीख आहे. तोवर मला दोन गोष्टी हव्यात. व्हिडिओ कोणी काढला आणि कधी काढला."

"मैनालाच विचारते. तिला सांगता येईल."

"अजिबात नाही. सोमवारी समुपदेशक तिच्याशी एकटीशी बोलणार. तुम्ही आधी विचारलंत तर ती त्यांना म्हणेल, आईने मला विचारलं होतं. आईने पढवलं, असा त्याचा अर्थ होईल. पोरीला या भानगडीतलं एक अक्षर विचारायचं नाही."

मेघालीने मान हलवली. ती उठली, तशी रूपा मॅडमनी सहज विचारावं तसं विचारलं, "एक सांगा. तुम्ही तिला कधीच घरात कोंडून गेला नाहीत ना? एकदाही?"

"नाही," मेघाली म्हणाली.

ते खोटं होतं.

२

नारपोलीतली ती गल्ली जेमतेम रिक्षा शिरेल एवढी. डाव्या हाताला हिरामणशेठचा कापड विणायच्या लूमचा पत्र्याचा कारखाना, त्याच्या समोर चार खोल्यांची चाळ. चाळही हिरामणशेठचीच. पहिल्या खोलीत आक्का, दुसरीत मेघाली आणि मैना. गटाराच्या कामासाठी महिन्यापासून गल्लीचं तोंड खणून ठेवलेलं, त्यामुळे बाहेरचं माणूस आत फारसं येत नसे. आलं तर अख्ख्या चाळीला कळे.

म्हणजे हितचिंतक गल्लीतलाच होता, किंवा गल्लीला सवयीचा.

मेघालीला नोंदी ठेवायची सवय. बी.कॉम. करताना लागली आणि कोर्टाचं सुरू झाल्यावर रूपा मॅडमच्या सांगण्यावरून वाढली. निळ्या वहीत मैनाचा रोजचा दिवस लिहिलेला असे. काय खाल्लं, किती झोपली, शाळेत कोण भांडलं, बापाचा फोन किती वाजता आला. सोमवारी ही वही कोर्टात द्यायची होती. तिने अठरा नोव्हेंबर, मंगळवारचं पान उघडलं.

'सकाळी सर्दी, म्हणून उशिरापर्यंत झोपू दिलं. साडेबाराला शाळेत. डबा अर्धा. मनगटावर पेनाचं घड्याळ, संध्याकाळी आंघोळीत घासलं.'

त्या पानावर एक गोष्ट नव्हती. अकरा वाजून बारा मिनिटांनी गॅसवाल्याचा फोन आला होता. गल्ली खणलीय, गाडी आत येणार नाही, नाक्यावर उभा आहे, पाच मिनिटांत या, नाहीतर मी चाललो. सिलिंडर दोन दिवसांपासून संपलेला. मैना गाढ झोपेत. आक्काच्या दाराला कुलूप. मेघालीने स्वतःच्या दाराला कुलूप घातलं, रिकामा सिलिंडर गडगडवत नाक्यावर नेला, भरलेला हातगाडीवाल्याच्या गाडीवर चढवला आणि धापा टाकत परत आली. अकरा मिनिटं. परतली तेव्हा मैना खिडकीत उभी होती आणि हसत होती. मेघालीला हायसं वाटलं. हसणारं मूल बघून कोण चौकशा करतं?

व्हिडिओ त्या मंगळवारचा होता, हे फोटो पाहताक्षणी तिला कळलं होतं. पण ते ती सिद्ध करणार कसं? आणि सिद्ध केलं, तर स्वतःच्याच तोंडाने काय कबूल करावं लागणार होतं?

ती वही मिटून आक्काच्या दारात गेली. आक्का तांदूळ निवडत बसलेली. मैना तिला टेकून.

"आक्का, मागच्या शुक्रवारी मैना दिवसभर तुमच्याकडेच होती ना? मध्ये कुठे बाहेर?"

"बाहेर कुठं जातंय? साळंतबी धाडली न्हवती त्या दिवशी. मगाशी तीनदा इचारलंस तू." आक्काने खोबऱ्याचा तुकडा उचलला, तशी मैनाने चिमणीच्या पिलासारखा आ केला. आक्काने तुकडा तिच्या तोंडात टाकला. हे दोघींचं नेहमीचंच. "जेवली नि निजली. चांगली तीन तास निजली. एरवी ती माझ्याकडं दुपारची निजत न्हाय, कितीबी थोपटा. त्या दिवशी कशी निजली देव जाणे."

"आणि त्याआधीच्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

आक्काचा हात सुपात थांबला. "मंगळवारी मी वज्रेश्वरीला. दर मंगळवारी जाते, तुला म्हाईत न्हाय? सकाळच्या पहिल्या यष्टीनं. का गं? पोलिसावाणी इचारतंस."

"सहज."

"सहज न्हाय ते." आक्काने सूप खाली ठेवलं. "माझ्यावर वहीम हाय का तुझा? सरळ बोल. मी काय तुझी पोर इकली?"

मेघालीने तिचे हात धरले आणि फोटोंचं सांगून टाकलं. आक्काने दाराबाहेर एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणत म्हणाली, "एक बोलू? दिपाली आली व्हती. तुझी नणंद. दिवाळीनंतर. तुझ्या घरी न्हाय, समोर हिरामणशेठकडं. दोघं बराच वखत बोलत व्हती."

३

हिरामणशेठ कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. आत बारा लूम एकदम चालत, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मेघालीने फोटोंचं आणि दिपालीचं ओरडूनच विचारलं.

"दिपाली? हां, आयी थी ना!" तो ओरडला. हिंदी कारागिरांत आयुष्य काढल्यामुळे त्याची मराठी मध्येच रूळ बदलायची. "वडप्याला त्यांचं नवीन गोडाऊन झालंय. ताडपत्रीला कापड पाहिजे होतं. आणि तुझी खोली कधी रिकामी होणार, ते विचारत होती. मी बोललो, माझी भाडेकरू हाय, मी का सांगू? तसं मला खोली पाहिजे हे खरं. मितेशचं लग्न काढलंय, पोरगं काय कारखान्यात झोपणार? पण त्यासाठी मी लेकराचे फोटो काढेन? इतना गिरा हुआ समझा क्या?"

बोलता बोलता त्याने टोपलीतून सुताच्या दोन रिकाम्या कांड्या काढल्या. मैना आईचा पदर सोडून पुढे धावली आणि तिने दोन्ही हातांची ओंजळ केली. हिरामणशेठने कांड्या ओंजळीत टाकल्या. त्या कांड्यांचे तिने घरी मनोरे केलेले होते.

"मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी अकराला तुम्ही इथेच होता?"

"मंगळवारी? सूत उतरवत होतो मागच्या बाजूला. दोघं हमाल होते, विचार त्यांना. और सुन, घरच्यांना विचार आधी. तुझा भाऊ रोज वडप्याला जातो, मी नाही."

ते मेघालीच्या मनातही होतंच. देवेश तिचा धाकटा भाऊ, वडप्याला गोडाऊनमध्ये टेम्पो चालवायचा. गोडाऊन भूपेशच्या चुलतभावाचं. संध्याकाळी तो मोटरसायकलवर आला, तशी मैना दोन्ही हात आभाळाकडे करून उभी राहिली, मला उचल म्हणून. देवेशने तिला टाकीवर बसवलं आणि हॉर्न वाजवू दिला.

"ताई, तू माझ्यावर संशय घेतेस?" त्याला हसावं की चिडावं ते कळेना. "तिथे मला भूपेशदादा दिसला तरी मी मान फिरवतो. मंगळवारी अकराला मी माल भरत होतो. गेटवरच्या रजिस्टरला सही आहे, फोटो काढून आणू? आणि सांगून ठेवतो, त्यांच्यापाशी नोकरी करतो म्हणून मी त्यांचा झालो नाही."

"रागावू नकोस. मला सगळ्यांना विचारावं लागतंय."

"सगळ्यांना विचार. बाबांना मात्र सांगू नकोस. त्यांचं बीपी पुन्हा वर गेलंय."

बाबांना ती सांगणारच नव्हती. महादू पलीकडच्या गल्लीत देवेशजवळ राहायचे. चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. वयाच्या मानाने हात अजून पक्के, कान मात्र लूमनीच खाल्लेले. तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे आणि स्वतः इतकं मोठ्याने बोलायचे की गुपित म्हणून त्यांच्यापाशी काही उरतच नसे. ड्युटीच्या मध्ये सुट्टी झाली की नातीकडे एक फेरी ठरलेली. त्या संध्याकाळीही ते भाजीची पिशवी घेऊन आले, मैनाला मांडीवर घेतलं आणि खिशातलं पेन काढून तिच्या मनगटावर घड्याळ काढलं. काटे नेहमीसारखे आठावर. शिफ्ट सुटायची वेळ.

"जावई काय बोलला?" त्यांनी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारलं.

"काही नाही, बाबा."

"पोरीनं बापाला बघायला पायजे. दोघींनी परत जायला पायजे. माझं कोन ऐकत न्हाय, पन मी बोलनार."

हे ते दर आठवड्याला बोलत. मेघालीने ऐकून सोडून दिलं.

४

व्हिडिओ गुरुवारी दुपारी आला. अडतीस सेकंद.

मेघालीने तो सात वेळा पाहिला. सातही वेळा तिला फक्त मैनाचं रडणं ऐकू आलं. पहिल्यांदा कुलूप दिसतं, मग कॅमेरा खिडकीकडे सरकतो. मैना गज धरून रडते आहे. 'आई' म्हणते, पुन्हा 'आई' म्हणते. मग रडं कमी होतं. शेवटच्या दोन सेकंदांत ती एक हात गजांतून बाहेर काढते, आणि व्हिडिओ तुटतो. त्या बाहेर आलेल्या हाताचाच चौथा फोटो होता. त्याखाली भूपेशच्या वकिलाने लिहिलं होतं, सुटकेसाठी याचना करणारी बालिका.

आठव्यांदा लावायला तिची हिंमत झाली नाही. तेवढ्यात रूपा मॅडमचा फोन आला.

"पाहिलात? मला अर्धं काही कळत नाही हो. तुमच्याकडची प्रत स्पष्ट आहे का? माझ्यात मागे सारखी खटक-खटक चाललीय, मुलीचे शब्द त्यात बुडतात. गिरणी आहे का जवळपास?"

"खटक-खटक?"

"अहो, केवढी मोठी आहे. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत."

मेघालीने फोन कानाला तसाच धरला आणि समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलं. लूम चालू होते. सकाळपासून चालू होते. ती जन्मली तेव्हाही चालू होते आणि ती शाळेत पाढे म्हणायची तेव्हाही. श्वासाचा आवाज जसा आपला आपल्याला येत नाही, तसा हा आवाज नारपोलीच्या माणसाला येत नाही. येतो तो फक्त एकाच दिवशी, बंद असतो तेव्हा.

आक्काचं बोलणं तिला आठवलं. एरवी माझ्याकडं दुपारची निजत न्हाय. त्या दिवशी कशी निजली देव जाणे.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडे लूमना सुट्टी रविवारी नसते. शुक्रवारी असते. शुक्रवारी या गल्लीत एकही लूम चालत नाही."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "हे कोणी शपथेवर सांगेल?"

"हिरामणशेठ सांगतील. कारखान्याचं हजेरीपुस्तकच आहे, त्यात दर शुक्रवार कोरा."

"म्हणजे व्हिडिओ शुक्रवारचा नाही. तारीख खोटी आहे, आणि खोटी तारीख घालणारा माणूस लूमच्या वस्तीत राहत नाही. नारपोलीच्या माणसाने शुक्रवार घातलाच नसता." रूपा मॅडमच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ऊब आली. पण लगेच त्या थांबल्या. "मेघाली, सोमवारी न्यायाधीश मला पुढचा प्रश्न विचारतील. शुक्रवारचा नाही, मग कधीचा? व्हिडिओत कुलूप खरं आहे. पोरगी खरी आहे. मी काय सांगू?"

मेघालीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. 

"उद्यापर्यंत विचार करा," रूपा मॅडम म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोललात तर मी फक्त खोट्याचीच बाजू मांडू शकते."

५

संध्याकाळी मैना भिंतीशी कांड्यांचे मनोरे रचत बसली होती. मेघाली चौथा फोटो समोर ठेवून बसली.

तारीख भूपेशने किंवा दिपालीने घातली, एवढं आता पक्कं होतं. कारण सरळ होतं. मंगळवारी आई किती वेळ बाहेर होती हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शुक्रवारचे सहा तास तिने स्वतःच्या हाताने लिहून पाठवले होते. ते सहा तास त्यांना हवे होते. उरलं ते एवढंच, की मंगळवारी त्या खिडकीसमोर कोण उभं होतं.

तिने हाताकडे पाहिलं. गजांतून बाहेर आलेला छोटा हात. याचना. याचना करणारा हात कसा असतो? तळवा वर. हा तळवा खाली होता. बोटं सैल. मनगट वर काढून, जरासं कलतं करून समोर धरलेलं.

मैना समोरच्या माणसाला ओळखत होती. म्हणून रडं थांबलं होतं. आणि तिला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं, रोजचं, सवयीचं. आक्का असती तर तिने आ केला असता. हिरामणशेठ असता तर ओंजळ केली असती. देवेश असता तर दोन्ही हात वर गेले असते.

मनगट ती एकाच माणसापुढे धरते.

मेघालीने निळी वही ओढली. मंगळवारचं पान. 'मनगटावर पेनाचं घड्याळ, संध्याकाळी आंघोळीत घासलं.' चार फोटोंपैकी एकातही मनगटावर घड्याळ नव्हतं. सकाळी झोपेतून उठलेल्या पोरीच्या हातावर ते नव्हतं, आणि मेघाली नाक्यावरून परतली तेव्हा होतं. त्या अकरा मिनिटांत कोणीतरी खिडकीपाशी उभं राहून, गजांतून हात घेऊन, ते काढलं होतं. म्हणून तर पोरगी हसत होती.

तिने वही मिटली.  तिघांना तिने चोर समजून विचारलं होतं, आणि ज्याला विचारायचं त्याने आणलेली भाजी आताच चिरून ठेवली होती.

६

दुसरा दिवस शुक्रवार. गल्ली कान दडल्यासारखी शांत. आक्काच्या दाराशी चिमण्यांचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं.

महादू घरी एकटेच होते. मेघाली त्यांच्यासमोर बसली, त्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशी, आणि काही न बोलता मोबाइलवर व्हिडिओ लावला.

ते बघत राहिले. चेहरा बदलला नाही, फक्त हात गुडघ्यावर आला.

"हा तुम्ही काढलात, बाबा?"

"हां." लपवणं त्यांना येतच नव्हतं. "मीच काढला. तुझ्याकडं कसा आला?"

"कोर्टातून आला."

"कोर्टात?" ते उभे राहिले, पुन्हा बसले. "कोर्टात कुणी दिला? मी जावयाला पाठवला व्हता. त्याला एकट्याला!"

"का पाठवलात?"

"सुट्टीत आलो पोरीला बघायला, तर दाराला कुलूप नि पोरगी खिडकीत रडतेय. माझ्याकडं चावी न्हाय. तुला फोन लावला, तू उचललास न्हाय." ते खरं असणार. फोन तेव्हा पिशवीत होता आणि ती सिलिंडर ढकलत होती; बाबांचे सुटलेले फोन नेहमीचेच, म्हणून नंतरही तिने लक्ष दिलं नव्हतं. "मना वाटलं, जावयानं एकदा डोळ्यांनी बघावं. लेकरू कसं रडतं ते. बापाचं काळीज हाय, हलेल. दोघींना न्यायला येईल. म्हनून काढला. मग घड्याळ काढलं हातावर, पोरगी गप झाली. तू नाक्यावरून येताना दिसलीस, तसा मी निघालो. रविवारीच, तू परत जा म्हनून आपलं भांडान झालेलं. तोंड कसं दाखवू?"

"ते न्यायला येणार नाहीत, बाबा. पोरीला नेणार आहेत. एकटीला. याच व्हिडिओवर." तिने सगळं सांगितलं, हळू, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट करत. शुक्रवारचं सांगितलं तेव्हा मात्र महादू एकदम तडकले.

"शुक्रवारी? कोन गाढव बोलला? ऐक ना, मागं लूम चालू असनार! मना ऐकू येत न्हाय म्हनून जगाला येत न्हाय काय? शुक्रवारी काय चालू असतं हितं?"

तीन दिवस जे कोडं तिने उलगडलं ते त्यांनी एका शिवीत सोडवलं. मेघालीला त्याही अवस्थेत हसू आलं आणि हसताना डोळे भरले.

"तुमचा मोबाइल द्या."

महादूंना मेसेज पुसायला येत नसे. सगळं तसंच होतं. भूपेशच्या नावापुढे, मंगळवार अठरा तारीख, अकरा वाजून चोवीस मिनिटं. व्हिडिओ. खाली दोन निळ्या खुणा; दाबून बघितलं, तर भूपेशने तो त्याच दिवशी पाहिलेला. त्याखाली महादूंनी बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलेलं, 'लेकराकडे बघा या घेऊन जा.'

भूपेशने त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

"हे कोर्टात दाखवावं लागेल. तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही काढला."

महादूंनी तिच्या हातातला मोबाइल घेऊन पालथा ठेवला. "चार लोकांत बोलू, की बापानंच लेकीचा घात केला?"

"चार लोकांत मीही बोलणार आहे. पोरीला कोंडून गेले होते म्हणून."

 मग महादूंनी खुंटीवरचा सदरा काढला. "वकीलीनबाईकडं आत्ताच जाऊ. उद्या मना परत भ्या वाटेल."

७

सोमवारी भूपेश पांढऱ्या शर्टात आला होता. मागच्या बाकावर दिपाली. मैना आत समुपदेशक बाईंबरोबर.

रूपा मॅडमनी हजेरीपुस्तकाची नक्कल दिली, महादूंचा मोबाइल दिला, गॅसवाल्याच्या फोनची वेळ आणि सिलिंडर मिळाल्याचा मेसेज दिला. आणि मग मेघालीचं शपथपत्र, ज्यात पहिल्या ओळीतच लिहिलं होतं की मी अठरा तारखेला माझ्या मुलीला अकरा मिनिटं कुलूपबंद घरात ठेवलं.

न्यायाधीश बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग भूपेशकडे वळल्या. "हे चित्रण तुम्हाला कोणी पाठवलं?"

"हितचिंतकाने."

"हितचिंतक म्हणजे तुमचे सासरे. कधी पाठवलं?"

भूपेशने मागे दिपालीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "तारीख लिहिताना चूक झाली असेल."

"चुकून नेमका तोच दिवस पडला, ज्या दिवशी त्या सहा तास बाहेर होत्या?"

भूपेशचा चेहरा लाल झाला. "पण कोंडलं हे तर खरं ना? कोंडलं की नाही पोरीला?"

"खरं आहे," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "पण ते मला तुमच्याकडून कळलं नाही, त्यांच्याकडून कळलं. आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुमची मुलगी कोंडलेली दिसली तेव्हा तुम्ही फोन केलात का? वडप्याहून निघालात का?"

भूपेश शर्टाची बाही सारखी करू लागला.

"तुम्ही फक्त तीन दिवसांनंतरची तारीख निवडलीत," बाई म्हणाल्या. मग त्या मेघालीकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज काही मऊ झाला नाही. "अकरा मिनिटांतही घराला आग लागते. पुन्हा गॅसवाला नाक्यावर आला तर काय कराल?"

"तिला उठवून कडेवर घेईन. सिलिंडर गेला तर गेला."

महादू मध्येच उभे राहिले. न्यायाधीश बाईंचे ओठ त्यांना लांबून नीट दिसत नव्हते, पण लेकीचा चेहरा दिसत होता. "मना एक चावी द्यायला सांगा तिला, साहेब!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की दारातला शिपाई आत डोकावला. "चावी असती तर मी दार उघडलं असतं. व्हिडिओ काढला नसता!"

ताबा मेघालीकडेच राहिला. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची भूपेशची भेट कायम, दर महिन्याला समुपदेशकांची घरी एक फेरी, आणि खोट्या शपथेबद्दल भूपेशला वेगळा खुलासा द्यायचा. बाहेर आल्यावर तो मैनाजवळ गेला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि शनिवारी येतो म्हणाला. मैनाने मान डोलावली. मेघालीने मधे काही केलं नाही. तो तिचा बाप होता.

निळी वही बॅगेतच राहिली होती. रूपा मॅडमनी ती मागितली, तेव्हा मेघालीने एक मिनिट थांबा म्हटलं, कोर्टाच्या पायरीवर बसली आणि मंगळवारचं पान काढलं. 'उशिरापर्यंत झोपू दिलं' आणि 'साडेबाराला शाळेत' यांच्यामध्ये अरुंद जागा होती. तिने तीत बारीक अक्षरात लिहिलं. '११.१२ ते ११.२३. दाराला कुलूप. मैना एकटी.' खाली आजची तारीख घालून सही केली.

परतताना नाक्यावर किल्लीवाला बसलेला होता. तिने हिरव्या ठिपक्याच्या कुलपाची दुसरी चावी घासून घेतली आणि महादूंच्या हातात दिली. महादूंनी ती करगोट्यात ओवली, गाठ मारली, ओढून बघितली. मैनाने मनगट पुढे केलं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

समोरच्या कारखान्यात बारा लूम चालू होते. त्या दिवशी मेघालीला ते ऐकू आले.